दुपारच्या कुलपाआड

१

चोर सापडला होता, चोरीचा माल सापडत नव्हता, आणि चोर माझी सख्खी भाची होती.

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी एका जळलेल्या गोदामात राख उकरत होते. चोरीचे आणि आगीचे विम्याचे दावे तपासणं हा माझा धंदा. लोक खोटं कसं बोलतात ते ऐकण्याचा मला पगार मिळतो, म्हणून घरात मला ‘फौजदार’ म्हणतात आणि मी आले की विषय बदलतात.

“अक्का, असशील तशी ये. मेडिकलमध्ये. आपल्या शेंगेनं...” पुढचं तिला बोलवेना.

शेंग म्हणजे तिची मुलगी. वय चौदा. जन्मापासून लांबडी आणि बारीक, म्हणून शेंग.

मेडिकलचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत शिरले. आत उकाडा, औषधांचा वास, आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. बहीण एका खोक्यावर बसून पदर चावत होती. दुकानाचे मालक, ज्यांना सगळा रस्ता ‘काका’ म्हणतो, काउंटरला हात टेकून उभे होते. त्यांचा मदतनीस कोपऱ्यात होता. केसांना भरपूर तेलपाणी, म्हणून त्याचं नाव ‘हिरो’. आणि स्टुलावर शेंग. मान खाली, पायात नवेकोरे बूट, एका कोपरावर चिकटपट्टी.

“मी दुपारी दुकान बंद ठेवतो,” काकांनी सुरुवात केली. “सगळ्यांना माहीत आहे. आजारी पडायचं तर सकाळी पडा, नाहीतर संध्याकाळी. दुपारी मी झोपतो. आज चष्मा इथेच विसरलो. चष्म्याशिवाय पेपर दिसत नाही, आणि पेपरशिवाय मला झोप येत नाही. म्हणून परत आलो. कुलूप काढलं, शटर वर केलं, तर ही पोरगी औषधांच्या कपाटापाशी उभी!”

“कुलूप शाबूत होतं?”

“अगदी मी लावलं तसं. चावी माझ्या कमरेला.”

कपाटात झोपेच्या आणि दुखण्यावरच्या गोळ्यांचे खोके होते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत त्या. खोके ओळीने लावलेले, शिस्तीत. मी एक उचलला. रिकामा. दुसराही रिकामा. मागच्या ओळीतल्या रिकाम्या खोक्यांवर धूळसुद्धा बसली होती.

“म्हणजे हे आजचं नाही,” मी म्हटलं. काकांचं तोंड उघडंच राहिलं.

गोळ्या शेंगेच्या दप्तरात नव्हत्या, कपड्यांत नव्हत्या, दुकानात कुठेही नव्हत्या. बहिणीचं सगळं चाचपून झालं होतं.

“शेंगे, गोळ्या कुठे आहेत?”

“मी एकटीनेच केलं,” ती म्हणाली. विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. कुणीतरी पाठ करून घेतलेलं वाक्य कसं ऐकू येतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

“हे बघा, तुमच्या बहिणीची ओळख आहे म्हणून मी थांबलोय,” काका म्हणाले. “संध्याकाळचं गिऱ्हाईक यायला लागलं की मी सरळ पोलिसांत जाणार. या गोळ्यांचा हिशेब मला द्यावा लागतो. परवाना जाईल माझा.”

तेवढ्यात शेंगेच्या मोज्यात काहीतरी थरथरलं, आणि ती स्टुलावरून पडता पडता वाचली.

२

मोज्यात फोन निघाला. छोटा, स्वस्त, बहिणीने कधीही न पाहिलेला. तिचा नेहमीचा फोन दप्तरात होता.

“बघ!” बहीण उसळली. “मी म्हणत नव्हते? मुलगा आहे! अक्का, मी तीन महिने ओरडून सांगतेय, हिचं लक्षण ठीक नाही. हे बूट आले कुठून? म्हणे मैत्रिणीने दिले. मैत्रिणी आहेत कुठे? एकीशी बोलत नाही. अभ्यासात शून्य. फोन वाजला की दचकते. रात्रीचं जेवण तर सोडलंच आहे. आरशासमोर उभं राहून पोट आत ओढते. कुणासाठी चाललंय हे सगळं? आम्हाला काही कळत नाही का?”

आणि तिने असं काही हिरोकडे पाहिलं की तो बिचारा भिंतीत शिरायचा बाकी राहिला.

माझी बहीण वेडी नाही. मुलगी गप्प झाली, नवं काही घालू लागली, चोरून फोन ठेवू लागली, की आपल्याकडच्या प्रत्येक घरात एकच शंका येते, आणि ती आली की माणसं दुसरी घेतच नाहीत. सगळी लक्षणं एकाच खुंटीला टांगून मोकळी होतात. पण मला एक गोष्ट खुपत होती. प्रेमात पडलेली पोरगी फोन वाजला की चेहरा लपवते, कारण चेहऱ्यावर आनंद असतो. हिच्या चेहऱ्याला रंगच नव्हता.

फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा. एखादी माशी खोलीत अडकावी तसा तो काउंटरवर फिरत होता, आणि दर वेळी शेंग स्टुलाची कड धरत होती. मला एका जागी उभं राहवेना. मी तीन पावलांच्या त्या दुकानात येरझाऱ्या घालायला लागले.

फोनला कुलूप होतं, पण आलेला मजकूर काचेवर दिसत होता. नाव नव्हतं, नावाच्या जागी नुसता एक ठिपका.

‘घरी गेलीस का?’

‘काय सांगितलंस?’

मग तिसरा आला, आणि तो वाचून बहिणीचं रडणं एकदम थांबलं.

‘तोंड उघडलंस तर व्हिडिओ शाळेत जाईल.’

३

“कुठला व्हिडिओ?” बहिणीने शेंगेचे खांदे धरले. “कुणी काढला? काय केलं त्याने तुझं?”

शेंगेने डोळे मिटून घेतले. मी बहिणीला बाजूला ओढलं. अशा वेळी प्रश्नांचा मारा केला की मूल आणखी आत जातं.

मी हिरोला शटरबाहेर नेलं.

“खरं सांग. तुझं आणि हिचं काय आहे?”

“देवाशपथ काही नाही मावशी!” त्याला घाम फुटला. “ती पोर आहे हो. मी एकदाच बोललो तिच्याशी. मागच्या आठवड्यात जिन्यात रडत बसली होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली, मला इथून कुठेतरी लांब जायचंय. मी वर अभ्यासिका चालवतात त्या दीदींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी बघते, तू लक्ष घालू नकोस. नंतर कळलं की तिच्या आईने माझ्याबद्दलच काकांकडे तक्रार केलीय.”

“आज दुपारी कुठे होतास?”

“काकांच्याच घरी. दुपारी मी तिथेच जेवतो. चष्म्यासाठी त्यांना स्कूटरवरून मीच आणलं.”

आत येऊन मी काकांकडे वळले. विम्याच्या धंद्यात पहिला संशय मालकावर घ्यायचा असतो.

“दुकानाचा विमा कधी उतरवलात?”

काका भडकले. “म्हणजे मीच माझ्या दुकानात चोरी करून पोरगी आत ठेवली? वरून तिच्या आईला बोलावलं?”

रागावले, पण मुद्दा बरोबर होता. विम्यासाठी चोरी करणारा माणूस पसारा घालतो. त्याला चोरी दिसायला हवी असते. इथे रिकामे खोके जागच्या जागी ठेवले होते, म्हणजे चोराला ती दिसायला नको होती. आणि दुसरं म्हणजे, काका काय किंवा हिरो काय, दिवसभर कपाट दोघांच्या हाताखाली. ज्याला दारातून माल नेता येतो तो कुलूपबंद दुकानात लेकरू कशाला घालेल?

मग आत यायला वाट कुठली? मी दुकान धुंडाळलं. मागे एक चिंचोळं न्हाणीघर होतं. त्याला एक खिडकी, आडव्या काचांची, एकाखाली एक बसवलेल्या. खिडकी जिन्याच्या वळणावर उघडत होती. सगळ्या काचा जागच्या जागी.

“मी तेही बघितलं,” काका मागून म्हणाले. “बंद आहे. आणि उघडी असती तरी एवढ्या फटीतून मांजर जाईल. माणूस कसा जाणार?”

मी त्या चौकटीकडे पाहत राहिले. मांजर जाईल. आणि रात्रीचं जेवण सोडलेली, पोट आत ओढायला शिकलेली एक चौदा वर्षांची पोरगी जाईल.

ती कुणासाठी बारीक होत नव्हती. तिला बारीक ठेवलं जात होतं.

पण काका म्हणत होते तेही खरं होतं. खिडकी बंद होती. गोळ्या तिथून बाहेर गेल्या असतील, तर काचा पुन्हा लावल्या कुणी?

मी एका काचेला आतून हात घातला. हलेना. पत्र्याच्या ज्या जिभा काच धरून ठेवतात त्या मला दिसतच नव्हत्या. मी बाहेर जिन्यावर गेले, आणि तिथे त्या दिसल्या. बसवणाऱ्या शहाण्याने अख्खी खिडकी उलटी बसवली होती. जिभा बाहेरच्या बाजूला. सगळ्या गंजलेल्या, पण त्यांच्या बोटाएवढ्या कडा वाकवून वाकवून चकचकीत झालेल्या.

जिना वर एकाच ठिकाणी जात होता.

४

वर अभ्यासिका होती. स्वच्छ, पांढरी, भिंतीवर वेळापत्रक. चारपाच मुलं मान खाली घालून बसली होती. दीदी उठून सामोरी आली. पंचविशीची, गोड आवाजाची, हसतमुख. अशी मुलगी दिसली की आया आपली पोरं तिच्या हवाली करतात. माझ्या बहिणीनेही केलीच होती. शाळा सकाळची, आईबाप कामावर, दुपारभर मुलीवर नजर कुणाची? तर दीदीची.

“शेंगेची मावशी ना तुम्ही? खाली काय गडबड आहे हो? बरी आहे ना ती?”

“तुम्ही सांगा. आज आली होती का?”

“आली होती की! दुपारभर इथेच होती. आईंना फोटोही पाठवला मी नेहमीसारखा. मग म्हणाली डोकं दुखतंय, आणि खाली गेली.” तिने आवाज उतरवला. “मावशी, कुणाला बोलू नका, पण मी तिच्या आईंना आधीच सावध केलं होतं. तो खालचा मुलगा, केसवाला. नजर चांगली नाही त्याची. मीच म्हटलं, तिला शाळा सुटली की थेट माझ्याकडे पाठवत जा. घरी एकटी नको.”

“फार केलंत तुम्ही,” मी म्हटलं.

“आपलंच लेकरू समजते मी.”

कोपऱ्यात एक दहाअकरा वर्षांची चिमुरडी बसली होती. बूट काढून मांडीवर ठेवलेले. माझ्याकडे पाहून तिने ते घाईघाईने टेबलाखाली लपवले. मी हसले, तर ती आधी दीदीकडे पाहून मग हसली.

उतरताना मी हिरोला जिन्याच्या पायथ्याशी उभं केलं. “वरून मोठं कुणी खाली आलं तर सोडायचं नाही. बोलण्यात गुंतव. तेवढं येतं ना?”

“तेवढंच येतं,” हिरो म्हणाला.

५

“तो फोटो दाखव,” मी बहिणीला म्हटलं.

“कुठला?”

“दीदीने आज पाठवलेला.”

तिने फोन काढला. फोटोत शेंग टेबलाशी बसली होती, दोन्ही कोपरं टेकून, पुस्तकात डोकं घालून. खाली लिहिलं होतं, ‘अभ्यास जोरात’. आला होता तेव्हा काका जेवून उठत होते आणि दुकानाला कुलूप होतं. बहिणीने त्यावर अंगठा दाखवला होता. त्याच्या वर कालचा फोटो, त्यावर अंगठा. परवाचा, त्यावरही अंगठा.

“हिच्या कोपरावर ही चिकटपट्टी कधी लावलीस?”

“आज सकाळी. मीच लावली. खरचटलं होतं, कुठे ते सांगेना...” बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. तिने फोटो बोटांनी मोठा केला. कोपरं दोन्ही उघडी. पट्टी नाही, खरचटल्याची खूणही नाही.

“हा आजचा नाही,” ती म्हणाली.

“नाही. एका दिवशी बसवून पाचपंचवीस काढून ठेवले असणार. रोज एक पाठवायचा.”

“अक्का, मी रोज बघत होते गं.” तिने कपाळावर हात मारला. “रोज बघत होते. पण फोटोत कुणी मुलगा आहे का, एवढंच बघत होते.”

कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपण आम्हीच निवडलं होतं.

काकांना अजून पटत नव्हतं. मी त्यांना एकेक करून सांगितलं. शेंग या खिडकीतून आत गेली. कोपर तिथेच घासलं, काल किंवा परवा. गोळ्या तिने खिडकीतूनच बाहेर दिल्या, म्हणून त्या दुकानात नाहीत. घेणारं कुणीतरी जिन्यावर उभं होतं. भर दुपारी त्या जिन्यावर कुणीही उभं राहिलं तर चार माणसं विचारतील. एकच बाई अशी आहे की तिला कुणी विचारणार नाही, कारण तो तिचाच जिना. तिने आई गाफील राहावी म्हणून फोटो पाठवले, आणि संशयाला जागा म्हणून हिरो पुढे केला. तोच का? तर त्याने पोरीला रडताना पाहिलं होतं म्हणून.

“अहो, पण पोरगी बोलत का नाही?” काका म्हणाले. “मुकाट्याने सगळं अंगावर का घेतेय?”

६

मी शेंगेच्या स्टुलासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात माझे, पण तिच्या खाली गेलेल्या नजरेला नजर द्यायची तर तेवढं खाली बसायलाच हवं होतं.

“शेंगे, मी तुला काही विचारत नाही. मला जे दिसलं ते सांगते. चुकलं तर मान हलव. त्या खिडकीच्या काचा आतून लावता येत नाहीत. बाहेरून लावाव्या लागतात. काकांचं शटर वाजलं तेव्हा त्या निघालेल्या होत्या ना?”

तिने मान हलवली नाही.

“शटर वर जायला वेळ लागतो. काका कुलपाशी खटपट करत होते. तू खिडकीपाशी धावली असशील. बाहेर यायला तुला तेवढा वेळ पुरला असता, सवय होती तुला. पण तू पोचलीस तेव्हा...”

“ती काचा लावत होती,” शेंग म्हणाली.

“मी हात बाहेर काढला होता. तिने तो आत ढकलला. म्हणाली, तू एकटीने केलंस, लक्षात ठेव.” आणि मग ती रडली, हमसून हमसून, अगदी लहान मुलीसारखी. “मावशी, ती माझ्याशी चांगली होती गं. घरी सगळे नुसते संशय घ्यायचे. ती जवळ बसून ऐकायची. बूट दिले. एकदा म्हणाली, माझी अंगठी खिडकीतून आत पडलीय, तू बारीक आहेस, आणून देतेस का? मी आणली. मग म्हणाली, डोकं दुखतंय, येताना दोन गोळ्या आण, मी काकांना नंतर सांगीन. आणि त्याचा व्हिडिओ काढला. म्हणाली, आता तू चोर आहेस. जाड झालीस तर बघ. घरी सांगितलंस तर कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर?”

बहिणीने तिला कवटाळलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली, आणि मी ती पुसली नाही.

काकांनी दोनदा खाकरलं. “मी पोरीचं नाव घेत नाही,” ते म्हणाले. “परवान्याचं बघून घेईन काहीतरी. घेऊन जा तिला.”

बहिणीने एका क्षणात शेंगेचं दप्तर उचललं. “चल. अक्का, चल गं. काका देवासारखे भेटले. आता इथे थांबायचं नाही.”

“आणि वरची?”

“तिचं ती बघेल! उद्यापासून हिला तिकडे पाठवत नाही, संपलं.” तिने दप्तर छातीशी धरलं. “अक्का, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या शाळेत कळलं, नातेवाइकांत कळलं, तर जन्मभर हिला चोर म्हणतील. तू एकटी राहतेस, तुला नाही कळायचं.”

मला लागलं ते. पण ती काही खोटं बोलत नव्हती. लोक म्हणतातच. मी किती घरांत पाहिलंय, चोरी विसरतात आणि नाव लक्षात ठेवतात. तिची मुलगी होती आणि निर्णय तिचा होता.

बाहेर जिन्यावरून दीदीचा गोड आवाज येत होता, “अरे, जाऊ दे ना मला,” आणि हिरोचा, “दीदी, थांबा हो, चहा सांगितलाय तुमच्यासाठी.”

बहिणीने शेंगेचा हात ओढला. शेंग उठली नाही.

“आई, माझी उंची वाढलीय.”

“काय?”

“उंची वाढलीय. खांदे अडकायला लागलेत माझे. कोपर त्यानेच लागलं.” ती जमिनीकडे बघत बोलत होती. “म्हणून काल तिने अभ्यासिकेतल्या त्या सगळ्यात धाकट्या मुलीला बूट काढून खिडकीपाशी उभं केलं. मापाला. त्या धाकटीला वाटलं खेळ आहे. हसत होती ती.”

बहीण दप्तर धरून तशीच उभी राहिली. तिने एकदा शटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने दप्तर काउंटरवर ठेवलं, नाक पुसलं आणि स्वतःचा फोन काढला.

“मुलांच्या मदतीचा नंबर काय आहे गं, अक्का? असतो ना काहीतरी?”

मी सांगितला.

“शटर वर करा, काका,” ती म्हणाली. “गुदमरतंय.”

शटर खडखडत वर गेलं. संध्याकाळची गिऱ्हाईकं फुटपाथवर जमायला लागली होती. पायरीवर उभी राहून बहीण फोनवर बोलली, आणि हळू बोलायचं तिला आता सुचलंच नाही.

“माझ्या मुलीला चोरी करायला लावतात,” ती म्हणाली. फुटपाथवरची माणसं थांबली. “हो, माझीच मुलगी. चौदा वर्षांची. आणि वर आणखी मुलं आहेत, लवकर या. लावणारी बाई इथेच आहे. हो, मुलीचं नाव सांगते ना, लिहून घ्या.” आणि तिने शेंगेचं नाव सांगितलं, पूर्ण, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. एकदा ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने.

शेंग स्टुलावरून उठली. आईजवळ गेली आणि तिने हात पुढे केला.

“दे इकडे,” ती म्हणाली. “पुढचं मी सांगते.”